लग्नाच्या नावाने विकलेले शेत

दलाल नको, हा निर्णय माझा होता, आणि तो घेताना मला स्वतःचा बराच अभिमान वाटला होता.

महूच्या रस्त्याला, रेल्वेच्या रुळांच्या अलीकडे, आमचे एक शेत होते. आजोबा इंदूर संस्थानच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात होते. निवृत्त होताना त्यांनी ते घेतले आणि त्यांच्या पश्चात ते वडिलांकडे आले. वडील संस्थानच्या एका कचेरीत अधिकारी होते. संस्थान मध्य भारतात विलीन झाले तेव्हा ती कचेरी दुसऱ्या एका मोठ्या कचेरीत मिसळली आणि जी माणसे जास्तीची ठरली त्यांत वडील होते. शेत बरीच वर्षे पडीक होते. वडील कधीतरी रविवारी तिकडे फिरून येत आणि आल्यावर चपलांना लागलेली काळी माती स्वतःच्या हाताने काढत बसत. शेताशी आमचा संबंध एवढाच उरला होता.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले त्या वर्षी मला मुंबईच्या एका संस्थेत संशोधनासाठी जागा मिळाली. विद्यावेतन पुढे मिळणार होते, खर्च मात्र आधी होता. वडिलांनी दोन-तीन दिवस विचार केला आणि एका सकाळी दाढी करता करता आरशाकडे पाहूनच मला सांगितले, "ते शेत तुझ्या लग्नासाठी ठेवलं होतं. लग्न तू करत नाहीस. मग शेत ठेवून काय करायचं?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. हिशेब मिटवताना माणूस जसा बोलतो तसे ते बोलले. मला तो तर्क शुद्ध वाटला.

आमच्या लोकांत जमीन विकण्याची एक रीत आहे. मालक स्वतः विकत नाही, दलाल विकतो. तो दिवेलागणीला येतो, पावसापाण्याचे बोलतो, उठण्याआधी आपले उपरणे यजमानाच्या हातावर टाकतो आणि त्याखाली बोटे दाबून किंमत ठरते. तोंडाने आकडा कोणी उच्चारत नाही. मग दलाल तोच हात घेऊन गिऱ्हाइकाकडे जातो. विकणारा आणि घेणारा एकमेकांना पाहतात ते थेट रजिस्ट्रीच्या दिवशी, आणि त्या दिवशीही दोघे असे उभे राहतात की जणू तिसऱ्याच कोणाच्या कामाला आले आहेत.

मला हा प्रकार हास्यास्पद वाटे. दलाल नेमके काय करतो, ते मी मांडून पाहिले. तो गिऱ्हाईक शोधतो, भाव जुळवतो, कागद लिहवून घेतो आणि कचेरीत हेलपाटे घालतो. यातले काहीच असे नव्हते, की जे शिकलेल्या माणसाला जमू नये. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना जे पद येते ते काढून टाकता येते, असे मी वडिलांना म्हणाले.

"तू काढ," ते म्हणाले. "मला मात्र बाजारात बसवू नकोस."

मी एका फळीवर ठळक हिंदी अक्षरांत लिहिले: जमीन बिकाऊ है, दलाल तकलीफ न करें. खाली वडिलांचे नाव आणि घराचा पत्ता घातला. धाकट्या भावाने ती फळी सायकलवरून नेऊन शेताच्या बांधावर ठोकली. पहिल्या आठवड्यात जे लोक आले ते सगळे दलाल होते. त्यांच्यातला एक हसत म्हणाला, "बाईसाब, तकलीफ कायकी, हम तो इसी वास्ते पैदा हुए हैं." वडील त्या दिवशी मागच्या दाराने बाहेर गेले. आपल्या नावाच्या वर 'बिकाऊ' हा शब्द लिहिलेला त्यांनी पाहिला होता, हे मला आईकडून कळले.

त्यानंतर जॉबर आले. परदेशीपुऱ्याच्या एका कापड गिरणीत विणकरांच्या तुकडीवर ते मुकादम होते. गिरणीत त्याला जॉबर म्हणतात, आणि आमच्या घरातही त्यांचे तेच नाव पडले. मूळचे खानदेशातले, पण जन्म इंदूरचा. बरोबर त्यांची पत्नी होती. निवृत्त होण्याआधी गिरणीच्या चाळीतून बाहेर पडून स्वतःचे दोन खोल्यांचे घर आणि पुढे वांगी-मिरचीचे वाफे, एवढेच दोघांना हवे होते. आयुष्यभर साठवलेले सारे ते या एका तुकड्यात घालणार होते, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकले. दलाल असता तर त्याने त्यांना हे बोलू दिले नसते.

भाव मी उघड विचारला आणि उघड सांगितला. वडील 'पान आणतो' म्हणून आत गेले ते आतच राहिले. मला वाटले, त्यांना पैशाचे बोलणे जमत नाही. जॉबरांनाही ते जमत नव्हते. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ते माझ्याकडे न पाहता दाराच्या चौकटीकडे पाहून बोलत होते. फक्त मीच स्वस्थ होते. भाव जुळला तेव्हा मला परीक्षेत पहिली आल्यासारखे वाटले.

तहसिलीच्या आवारात लिंबाखाली लोकांचे कागद लिहून देणारे अर्जीनवीस बसतात. त्यांच्यातल्या एकाच्या चटईसमोर आम्ही जमलो: वडील, मी, भाऊ, जॉबर आणि त्यांचे दोन साक्षीदार. अर्जीनवीस वयस्क, कानावर लेखणी, समोर मध्य भारताच्या छापाचा स्टॅम्प पेपर. त्याने चतुःसीमा लिहिल्या, पूर्वेला रस्ता, पश्चिमेला नाला, आणि लेखणी थांबवून विचारले,

"जरूरत क्या लिखूँ?"

मी विचारले, कसली गरज?

त्याने समजावले. शेत आजोबांकडून आलेले, म्हणजे वडिलोपार्जित. त्यात मुलाचा जन्मतः वाटा. मुलगा अजून अज्ञान. बाप अशी जमीन विकू शकतो, पण कुटुंबाची खरी गरज असेल तरच. आणि ती गरज खरेदीखतात लिहावी लागते. गरज खोटी निघाली, तर मुलगा सज्ञान झाल्यावर दावा लावून जमीन परत मागू शकतो.

"मुलीच्या उच्च शिक्षणासाठी, असं लिहा," मी म्हणाले.

तो हसला नाही. उलट थोड्या आदराने म्हणाला, "बाईसाब, लड़की की पढ़ाई कोई जरूरत नी होती. लड़की की शादी होती है. शादी लिख दूँ?"

"पण लग्न नाही आहे."

"तो क्या हुआ. सब यही लिखवाते हैं."

जॉबर पुढे सरकले. ते माझ्याशी बोललेच नाहीत. वडिलांकडे वळून, हात जोडल्यासारखे धरून त्यांनी विचारले, "साहेब, एक बात विचारू का? मी अडाणी माणूस. माझं सगळं हेच है. ताईंचं लग्न आहे ना नक्की?"

माझे वडील कधी खोटे बोलल्याचे मला माहीत नव्हते. संस्थानच्या काळात कागदांवर त्यांची सही म्हणजे शेवट असे. त्यांनी लिंबाच्या झाडाकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग जॉबरांकडे.

"हो," ते म्हणाले.

एवढेच. अर्जीनवीसाने लिहिले. नंतर रीतीप्रमाणे खत मोठ्याने वाचले गेले, आणि 'अपनी लड़की की शादी के वास्ते' हे शब्द आले तेव्हा आसपासच्या चटयांवरच्या चार जणांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. रजिस्ट्रारसमोर वडिलांनी पुन्हा एकदा सांगितले की, मजकूर समजला आहे, कबूल आहे, खरा आहे. बाहेर पडताना जॉबरांच्या एका साक्षीदाराने मला 'खुश रहो बेटी' असे म्हटले.

परत येताना भाऊ सायकल हातात धरून माझ्या शेजारी चालत होता. "बधाई हो, ताई," तो म्हणाला. "नवरदेव कोण, अर्जीनवीस का?"

"गप्प बस."

"मी तर साक्षात वारस. मीच उद्या दावा लावीन. म्हणेन, बहन की शादी हुईच नी, मेरा खेत वापस करो."

वडील पुढे चालले होते. त्यांनी मागे वळून त्याच्याकडे असे पाहिले की तो वाक्य अर्ध्यावर सोडून सायकलवर बसला आणि पुढे निघून गेला. फाटकाशी आल्यावर वडील म्हणाले, "शेत तुझ्या लग्नासाठीच ठेवलेलं होतं. तेव्हा अगदीच खोटं नाही ते." ते मला नव्हे, स्वतःला पटवत होते, आणि ते मी ऐकते आहे याची त्यांना लाज वाटत होती. माझ्या लाजेचे कारण निराळे होते. दलाल मध्ये असता, तर जॉबरांनी तो प्रश्न दलालाला विचारला असता. दलाल शपथेवर 'हो' म्हणाला असता आणि संध्याकाळी अंघोळ करून जेवला असता. वडिलांना तो 'हो' स्वतःच्या तोंडाने म्हणावा लागला, तो माझ्यामुळे. दलालाचे एक काम माझ्या मांडणीतून सुटले होते. जे बोलण्याची कोणालाच इच्छा नसते, ते बोलण्याची मजुरी तो घेतो.

खत झाले तरी काम संपले नव्हते. सरकारी दप्तरात जॉबरांचे नाव चढायचे होते. त्यासाठी नामांतरणाचा अर्ज, मग गावात जाहीर नोटीस, मग हरकती मागवणे. हे हेलपाटे मीच घातले. पटवारी प्रत्येक खेपेला विचारी, "शादी कब की है बाईसाब? हमारा मुँह तो मीठा कराओ." मी म्हणे, ठरेल तेव्हा सांगू. हे वाक्य मला इतके सराईत झाले की, नंतर ते मी पटवारी विचारण्याआधीच म्हणू लागले.

ज्येष्ठात एका दुपारी जॉबरांच्या पत्नी आमच्याकडे आल्या. हातात कुंकवाची कोयरी होती. त्यांनी आईला कुंकू लावले, मला लावले आणि म्हणाल्या, "बाईसाहेब, ताईंना केळवणाला पाठवा आमच्याकडं. तुम्ही पण या. आमचं घर त्यांच्या लग्नातून होतंय. मग आधी आम्हीच जेवायला घालायला पाहिजे."

केळवण म्हणजे लग्न ठरलेल्या मुलीला आप्तांनी घरी बोलावून जेवू घालणे. आप्तांनी. त्यांनी स्वतःला त्यांत धरले होते. आईने ओशाळून माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, माझे सामान बांधायचे आहे, वेळ होईलसे वाटत नाही.

त्या गेल्यावर वडील आतून आले. त्यांनी सगळे ऐकले होते.

"जावं लागेल," ते म्हणाले.

"मी नाही जाणार. आपण त्यांना खरं सांगू."

"सांग. आणि मग तो विचारील, कागद खोटा का? त्याला काय सांगशील?" ते खुर्चीत बसले. "तुझ्या मनावरचं ओझं उतरेल. ते उतरून कोणाच्या डोक्यावर बसेल, तेवढं बघ. नामांतरण अजून व्हायचं आहे. तो माणूस झोपणार नाही."

खरे सांगितले तर मी मोकळी होणार होते आणि ते अडकणार होते. दाव्याची भीती आमच्या घरात हसण्यावारी नेता येत होती, कारण भाऊ आमचा होता, आणि तो असे करणार नाही हे आम्हाला ठाऊक होते. जॉबरांना ते कसे ठाऊक असावे? त्यांच्या दृष्टीने तो एका बड्या घरातला मुलगा होता, जो अठरा वर्षांचा होताच त्यांच्या घराच्या भिंतींवर हक्क सांगू शकत होता.

परदेशीपुऱ्यातल्या त्या खोलीत पाट मांडला होता आणि पाटाभोवती रांगोळी होती. गिरणीचे भोंगे झाले की जिने भरतात, म्हणून मधली वेळ धरली होती. चाळीतल्या सात-आठ बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. जॉबरांच्या पत्नीने सकाळपासून खापरावर पुरणाचे मांडे केले होते, सोबत आमरस. त्यांनी मला ओवाळले. मी मुंबईला जायचे म्हणून घेतलेले नवे पातळ नेसले होते. ते सगळ्यांनी हात लावून पाहिले, नवरीचे म्हणून.

"मुलगा काय करतो हो?" एकीने विचारले.

शेजारी बसलेली आई म्हणाली, "मुंबईला असतो."

"नोकरी?"

"संशोधन करतो. प्रयोगशाळेत," आई म्हणाली. तिला दुसरे काही सुचले नाही. "फार हुशार आहे. वर्गात कायम पहिला."

"मग मिजासखोर असेल."

"थोडासा आहे," आई म्हणाली. "पण मनाने चांगला."

बायका हसल्या. मी मांडा मोडून तोंडात घातला. आईने माझेच वर्णन करून मला वर म्हणून उभे केले होते. आणि त्या वर्णनात जो एक दोष आला, तो तिने बहुधा खूप दिवस मनात ठेवलेला होता.

"घरकाम येतं का हो ताईंना?" दुसरीने विचारले. "का सगळं शिक्षणातच गेलं?"

"येईल की," जॉबरांच्या पत्नी माझी बाजू घेत म्हणाल्या. "लग्न झालं की हात आपोआप वळतो. तुझा नव्हता का वळला? पहिल्या सालात तुझ्या भाकरीनं दार ठोकता येत होतं."

पुन्हा हशा. आणि मग व्हायचे ते झाले. कोणीतरी म्हणाले, "ताई, नाव घ्या. उखाणा होऊ द्या." मग सगळ्याच म्हणू लागल्या. उखाण्यात नवऱ्याचे नाव गुंफून घ्यायचे असते. माझ्याकडे घ्यायला नाव नव्हते. मी एखादे कल्पित नाव घेऊ शकले असते. एखादा साधा उखाणा मला येतही होता. पण तेवढे मला झाले नाही. मी ताटाकडे पाहत राहिले.

"जाऊ द्या, लाजल्या त्या," जॉबरांच्या पत्नी म्हणाल्या, आणि वाढायला उठल्या. जाताना त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. निघताना त्यांनी माझी ओटी भरली आणि एक हिरवी साडी दिली. गिरणीतल्या लोकांना मिळते तशी सुती, पण काठ त्यांनी निवडून घेतलेला होता. "लग्नानंतर जोड्यानं या," त्या म्हणाल्या. "तोवर आमच्या भिंती उभ्या राहतील."

पुढच्या महिन्यात मी मुंबईला गेले. नामांतरणाला कोणी हरकत घेतली नाही. जॉबरांचे नाव चढले, असे वडिलांनी पत्राने कळवले. माझे काम चांगले चालले होते. परंतु त्या खोलीतला प्रसंग मला मध्येच आठवे, बहुतेक वेळा एखादा प्रयोग उकळत ठेवून नुसते उभे राहावे लागे तेव्हा. मग मी ज्या रीतीने कोणतेही प्रश्न सोडवते त्याच रीतीने हाही घेतला. वसतिगृहातल्या एका मैत्रिणीचे वडील वकील होते. त्यांना विचारले. त्यांनी सांगितले की, मुलाने सज्ञान झाल्यावर आपली संमती लेखी नोंदवून दिली की विक्री पक्की. मग गरज कोणती होती, हे कोणी विचारत नाही. अडचण एकच होती, भावाला अठरा पूर्ण व्हायला अजून अवकाश होता. तोपर्यंत बोलायचे नाही, आणि त्यानंतर एकही दिवस थांबायचे नाही, असे मी ठरवले. उत्तर सापडले म्हणून मला हलके वाटले होते. वाट पाहण्याच्या काळात दुसऱ्या बाजूला काय चालले असेल, हा विचार माझ्या मनात आला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात भावाला अठरा पूर्ण होताच मी घरी आले आणि आम्ही तो कागद केला. भावाने सही करताना अर्जीनवीसाला विचारले, "और मेरी शादी के वास्ते कुछ बचा है क्या?" वडील या वेळी आले नव्हते. नोंदलेला संमतीलेख घेऊन आम्ही दोघे तडक परदेशीपुऱ्यात गेलो. वाटेत मी वाक्ये जुळवत होते. भाऊ म्हणाला, "ताई, तू व्याख्यान देऊ नकोस. नुसतं सांग."

जॉबर पाळी संपवून आले होते, बनियनवर बसले होते. मला पाहताच घाईने सदरा चढवू लागले. त्यांच्या पत्नीने माझ्या गळ्याकडे पाहिले, मंगळसूत्र नाही हे पाहिले आणि नजर वळवली. त्यांनी काही विचारले नाही. ते मला विचित्र वाटले.

मी नुसते सांगितले. लग्न ठरलेले नव्हते. शेत माझ्या शिक्षणासाठी विकले. कागदात तसे लिहिता येत नव्हते. आता भावाची संमती घेतली आहे, तुमची जमीन पूर्ण पक्की आहे, तिला कोणी हात लावू शकत नाही. भावाने कागद वाचून दाखवला. जॉबरांनी तो हातात घेतला, शिक्का पाहिला, घडी केली, पुन्हा उघडला.

"म्हणजे लग्न मोडलं नाही?" त्यांच्या पत्नीने विचारले.

"नाही. ठरलंच नव्हतं."

त्या खाली बसल्या.

मग हळूहळू कळले. आषाढ गेला, श्रावण गेला, आमच्याकडून पत्रिका आली नाही. चाळीतल्या बायका विचारू लागल्या. जॉबरांनी आडून चौकशी केली तेव्हा त्यांना समजले की, मी मुंबईला आहे आणि एकटीच आहे. त्यांनी अर्थ लावला: जमीन विकली आणि लग्न मोडले. दोघांनी ठरवले की, ज्या जमिनीच्या पैशाला मुलीचे लग्न लाभले नाही, तिच्यावर ती मुलगी बिनलग्नाची असताना पाया घालायचा नाही. विटा आणल्या होत्या, त्या दुसऱ्याला दिल्या. एक अख्खा हंगाम शेत जसे होते तसे ठेवले. आणि चाळीत माझ्याबद्दल कोणी वाकडे बोलले की, जॉबरांच्या पत्नी त्या बाईशी भांडत.

"त्या कोपऱ्यावरच्या बाईशी मी बोलत नाही अजून," त्या म्हणाल्या. "ती म्हणाली, मुलीतच काही खोट असेल. मी म्हटलं, खबरदार."

मी क्षमा मागितली. ते शब्द फार लहान होते आणि ते मला बोलतानाच कळत होते. भाऊ जमिनीकडे पाहत होता. जॉबर कागदाची घडी चौथ्यांदा घालत होते. बाहेर नळावर बादल्यांचा आवाज चालू होता.

मग जॉबर शांतपणे म्हणाले, "ताई, राग मानू नका. दलाल असता तर बरं झालं असतं. त्यानं आम्हाला कुणालाच काही कळू दिलं नसतं."

"त्यानं पैसे घेतले असते," मी म्हणाले. सवयीने म्हणाले.

"हां. घेतले असते."

त्यांच्या पत्नीने चहा टाकला. चहा होईपर्यंत त्यांनी मला विचारले की, मी तिकडे नेमके काय शिकते. मी कापसाच्या धाग्यावर रंग कसा धरतो ते सांगू लागले, कारण माझे काम त्याच्या जवळपासचे होते, आणि जॉबर प्रथमच सरळ माझ्याकडे पाहून ऐकू लागले. त्यांनी एक प्रश्न विचारला, चांगला प्रश्न, आणि मी उत्तर देत असताना त्यांच्या पत्नी मध्येच म्हणाल्या,

"पण मी चाळीत काय सांगू?"

मी थांबले.

"लग्न नव्हतंच, असं सांगितलं तर म्हणतील, बड्या लोकांनी फसवलं ह्यांना. मांडे खाऊन गेले. ह्यांची गिरणीत चेष्टा होईल. आणि ती कोपऱ्यावरची तर..." त्यांनी कप माझ्यासमोर ठेवला. त्यांनी विचार केला, चेहऱ्यावर दिसेल इतका स्वच्छ विचार केला, आणि तो पूर्ण झाल्यावर म्हणाल्या, "मोडलं असंच राहू द्या. तुम्हाला चालेल का, ताई?"

त्या परवानगी मागत होत्या. माझ्या खोट्या लग्नाचे आता काय करायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी मला दिला होता, आणि तो नाकारण्याइतकेही माझ्याजवळ काही नव्हते.

"चालेल," मी म्हणाले.

"मग आम्ही आता पाया घालतो," जॉबर म्हणाले. "पावसाच्या आधी."

त्या आम्हाला जिन्यापर्यंत पोहोचवायला आल्या. कोपऱ्यावरच्या दाराशी एक बाई तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली, मला ओळखले, माझ्या मोकळ्या गळ्याकडे पाहिले, आणि तिचा चेहरा एकदम मऊ झाला. तिने सूप बाजूला ठेवून मला जायला वाट दिली. जॉबरांच्या पत्नी माझ्यामागे उभ्या होत्या. मी मान खाली घातली, जिच्यावर असे काही गुदरले आहे अशा मुलीने घालावी तशी, आणि जिना उतरले.